जिथे आपला कप ठरलेला आहे

३ मार्च, सोमवार

आज संपादकबाईंनी आत बोलावलं आणि स्वतः उठून खुर्ची पुढे केली. या दोन क्रिया एकत्र घडल्या की आपल्याकडून काहीतरी काढून घेतलं जातं, असा माझा अनुभव आहे. तसंच झालं. पाणीपुरवठा आणि सांडपाणी ही माझी दोन्ही खाती एका तरुणाकडे गेली (बूट चकचकीत आहेत, सांडपाण्यात किती टिकतात पाहू) आणि माझ्या पदरात पडलं शनिवारच्या पुरवणीतलं एक सदर. शहरातली दुकानं, खाण्याच्या जागा, केसांचे आणि चेहऱ्याचे उपचार. "आपल्या माणसानं आपल्या माणसांना सांगितलेल्या जागा," असं त्या म्हणाल्या. आधी लिहिणारी मुलगी दुसऱ्या वर्तमानपत्रात गेली.

"मला सौंदर्यातलं काय कळतं?" मी विचारलं.

"सांडपाण्यातलं तरी सुरुवातीला कुठे कळत होतं?"

संपादकबाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान. रुजू झाल्या तेव्हा माझ्या टेबलासमोर बसून बातमी लिहायला शिकल्या. आपणच शिकवलेलं माणूस आपल्याला उत्तर देतं तेव्हा गुरुदक्षिणा पोचल्यासारखं वाटतं, पण ती डोक्यात मारल्यासारखीही वाटते.

घरी ताईला सांगितलं. ताई तळमजल्यावर राहते, मी वर. ती शाळेत गणित शिकवायची आणि अजूनही समोरच्याकडे उदाहरण चुकलेल्या मुलाकडे पाहावं तसं पाहते. ती म्हणाली, "बरं झालं. निदान तुझ्या कपड्यांना येणारा वास जाईल."

वडिलांनी संस्कृत शिकवलं, त्याबरोबरच रोज चार ओळी लिहायची सवय लावली. त्या ओळी ताई चोरून वाचते असा माझा जुना संशय आहे. वाचत असशील, तर चष्मा माझ्या टेबलावर राहिलाय, घेऊन जा.

५ मार्च, बुधवार

सकाळी नेहमीप्रमाणे खानावळीत. ऑफिसमागच्या गल्लीत, सहा-सात पायऱ्या उतरून हिरवं दार. इथे मी इतकी वर्षं न्याहारी करतोय, की खिडकीजवळच्या खुर्चीच्या बैठकीला माझा आकार आलाय. कपसुद्धा ठरलेला: जाड, निळ्या काठाचा, कानाजवळ टवका उडालेला. दुसऱ्या कोणाला तो मिळत नाही. मलाही दुसरा मिळत नाही.

खानावळ चालवणाऱ्या बाईंना मी काय हाक मारावी हे मात्र इतक्या वर्षांत ठरलेलं नाही. मावशी म्हणावं, तर वयानं त्या माझ्याच बरोबरीच्या. वहिनी म्हणावं, तर भाऊ कुठून आणायचा. नाव घ्यावं एवढी ओळख आहे की नाही, याचा निकाल लागलेला नाही. म्हणून मी खाकरतो. खाकरलो की चहा येतो. त्या मला "पत्रकारसाहेब" म्हणतात आणि "साहेब"वर असा काही भार देतात की माणूस खुर्चीत जरा खाली सरकतो.

मी नव्या सदराची बातमी सांगितली. बाई चहा ओतता ओतता थांबल्या.

"म्हणजे चांगल्या जागा शोधायच्या आणि छापायच्या?"

"हो."

"कुठल्याही? लहानसहानसुद्धा?"

"लहानच जास्त."

"वा," म्हणाल्या आणि फडक्यानं माझं टेबल पुसलं. ते आधीच पुसलेलं होतं.

कोपऱ्यातल्या टेबलावरचे निवृत्त पोस्टमास्तर शब्दकोड्यातून डोकं वर न काढता म्हणाले, "मग काय, आता आमचीच खानावळ पहिली." मी हसलो. माझे पहिले संपादक एक नियम सांगायचे: जिथे तुझा कप ठरलेला आहे, तिथली बातमी तू करायची नाहीस. हा नियम मी पुढे संपादकबाईंनाही शिकवला. तेव्हा खानावळीचा प्रश्न माझ्यापुरता उद्भवतच नाही. हे पोस्टमास्तरांना समजावत बसलो नाही. ते आडव्या सातवर अडले होते.

जाताना पाहिलं, तर मागच्या खोलीतला दिवा बंद. मंद प्रकाशाची हल्ली फॅशन आहे म्हणतात. बाईंनाही काळाची नाडी कळते तर.

८ मार्च, शनिवार

पहिलं सदर छापून आलं. बटणांचं दुकान: पुरुषभर रुंदीचं, आत फक्त बटणं, छतापर्यंत. शिंपल्याची, लाकडाची, शिंगाची. दुकानदारानं माझ्या कोटाकडे एकदाच पाहिलं आणि न विचारता तुटलेल्या बटणाचा जोडीदार काढून समोर ठेवला. लिहिताना मजा आली. सांडपाण्याला असं जोडीदार सापडणं नाही.

तिथेच शेजारी एक शर्ट घेतला. गर्द निळा.

"हा रंग तुला कोणी सुचवला?" ताई.

"वाचकांसाठी घेतला. वापरून बघितल्याशिवाय लिहिणं बरं नाही."

"वाचक तुला बघतात?"

हिला मी उत्तर देत नाही.

११ मार्च, मंगळवार

आज सौंदर्य. तिसऱ्या मजल्यावरचं सलून. लिफ्ट नाही, त्यामुळे वर पोचेपर्यंत चेहऱ्याला आपोआप तेज येतं. सलूनवालीनं मला खुर्चीत पाडलं, तोंडावर काकडीसारखं थंड काहीतरी थापलं आणि डोकं असं दाबलं की व्याकरणाचे विसरलेले नियम आठवायला लागले. तिथपर्यंत सगळं छान. मग ती म्हणाली, "केसांना हलकासा रंग देऊ? दहा वर्षं कमी दिसाल." मी वाचकांच्या हिताचा विचार करून हो म्हटलं.

उजेडात आल्यावर कळलं की रंग हलकासा नाही. वांग्याचा आहे, आणि तोही ताज्या वांग्याचा.

ऑफिसच्या आधी खानावळीत गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही, न्याहारीची वेळ टळून गेली होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, हातातली परात खाली ठेवली, भिंतीकडे तोंड केलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. बऱ्याच दिवसांनी त्यांना असं हसताना पाहिलं. डोळे पुसून म्हणाल्या, "नाही, शोभतंय. खरंच. फक्त खिडकीत बसू नका, गिऱ्हाईक घाबरेल."

गिऱ्हाईक असं कोणी नव्हतंच म्हणा. पोस्टमास्तर होते, आणि त्यांनी फक्त विचारलं, "हे धुतल्यावर जातं का?"

आचारी दिसला नाही. "गावी गेलाय," बाई म्हणाल्या. त्या स्वतःच रांधतात. सूप आधीपेक्षा चांगलं झालं होतं. असे आचारी अधूनमधून गावी जावेत.

१५ मार्च, शनिवार

सदर दुसरं: नदीकाठचं हॉटेल. प्रत्येक टेबलावर एकेक फूल, कापडी रुमाल, चहात दालचिनीची काडी. मी मोकळ्या हातानं स्तुती केली. संपादकबाईंचा निरोप: वाचकांची पत्रं आली आहेत, एका बाईंनी "हा लेखक तरुण असावा" असं लिहिलंय. ताईला वाचून दाखवलं. तिनं माझ्या केसांकडे पाहून फक्त "हं" म्हटलं.

१८ मार्च, मंगळवार

गंमत आहे. खानावळीत माझ्या टेबलावर आज एक पिवळं फूल. औषधाच्या बाटलीत, पण बाटली घासूनपुसून लख्ख, तिचं लेबलही खरवडून काढलेलं. पोस्टमास्तरांनी आणलं असावं; निवृत्तीनंतर माणसं बागेकडे वळतात. आणि चहात दालचिनी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, शास्त्रकार त्याला काकतालीय न्याय म्हणतात. पण एकाच आठवड्यात दोन ठिकाणी दालचिनी, म्हणजे हा योगायोग नव्हे, साथ आहे. नदीकाठी ती गंमत म्हणून ठीक. पण रोजच्या चहात? शनिवारी यावर चार ओळी लिहायला हव्यात.

बाई दोनदा येऊन विचारून गेल्या, "चहा ठीक आहे ना?" मी म्हटलं, "चहा काय, नेहमीचाच."

२२ मार्च, शनिवार

सदरात मुख्य मजकूर तळघरातल्या साबणवाल्याचा. तो साबणाच्या वड्या खरवसासारख्या कापून देतो, आणि त्याच्या हातांना स्वतःला कसलाच वास नाही. शेवटी दालचिनीवर चौकट टाकली: "चहा हे झाडाचं पान आहे, त्याला दुसऱ्या झाडाची साल सोलून घालणाऱ्याला क्षमा नाही." झक्क जमलं.

२४ मार्च, सोमवार

खानावळीत दालचिनी गायब. लेखणीत सामर्थ्य असतं म्हणतात ते उगीच नाही. शहरभर परिणाम झालेला दिसतो.

कापडी रुमाल मात्र आलेत. पांढरे, कडा हातानं दुमडून शिवलेल्या, एका कोपऱ्यात टाका थोडा वाकडा. तोंड पुसायला जीव होईना, म्हणून खिशातल्या रुमालानं पुसलं. बाई ते पाहत होत्या.

फळ्यावर पूर्वी नऊ पदार्थ असायचे, आता तीन. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना मुलगा झाल्याचा आनंद होतो म्हणतात. बाईंनी सहा ओळी वाचवल्या. मी तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला कुठला आनंद. नुसती पाटी पुसली."

मागची टेबलंही दिसत नाहीत. "पॉलिशला दिलीत." मोकळं मोकळं छान वाटतं.

२७ मार्च, गुरुवार

न्याहारी चालू असताना एक जाडसर गृहस्थ टेप घेऊन आले आणि भिंती मोजू लागले. पायात फार सुंदर बूट. बाई गल्ल्यापाशी उभ्या राहून पाहत होत्या. "कपाट करायचंय," त्या मला म्हणाल्या. मी गृहस्थांना सल्ला दिला की खिडकीच्या बाजूला कपाट नको, उजेड अडेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खिडकीतच लावणार. लोकांना दिसायला हवं." सुतार लोकांना हल्ली फार आत्मविश्वास असतो.

२९ मार्च, शनिवार

आजचं सदर मागच्या तिन्हींपेक्षा गाजलं: पुलाखालची सूपवाली. दुपारीच तिच्याकडे रांग लागल्याचं ऑफिसातल्या फोटोवाल्यानं सांगितलं. मी ते खानावळीत सांगितलं, थोडं फुशारकीनंच. बाईंनी सकाळीच वाचलं होतं. पुरवणी घडी करून गल्ल्याखाली ठेवलेली दिसली.

"चांगलं आहे का हो तिचं सूप?"

"चांगलं आहे."

"माझ्यापेक्षा?"

"छे. तुलना कसली."

त्यांनी माझ्या पुढ्यातली बशी उचलली, परत ठेवली. "मग आमच्यासारख्यांचं छापत नाहीत वाटतं तुमच्यात."

मला मनापासून हसू आलं. पोस्टमास्तर दर आठवड्याला तेच म्हणतात. मी म्हटलं, "तुमचं काय छापायचं?"

माझ्या मते यात मोठं कौतुक होतं. आपल्या घराबद्दल कोणी वर्तमानपत्रात लिहितं का, असा त्याचा अध्याहृत अर्थ. बाई "खरंय" म्हणाल्या आणि आत गेल्या.

२ एप्रिल, बुधवार

चहा कोमट. फूल नाही. गॅसचा काही घोटाळा असावा.

४ एप्रिल, शुक्रवार

ताई आज दुपारी ऑफिसजवळ आली होती, म्हणून तिला खानावळीत घेऊन गेलो. ती पूर्वी अधूनमधून यायची, आज वर्षभरानं आली. पायऱ्या उतरल्या उतरल्या दारातच थांबली.

"टेबलं कुठायत?"

"पॉलिशला."

"पाचही?"

मी मोजली नव्हती. ताई मोजते. बसल्यावर तिनं रुमाल उलगडला, शिवण बोटानं चाचपली, फळा वाचला, रिकाम्या खुर्च्या पाहिल्या. सूप आल्यावर सगळं संपवलं, बाईंशी हवापाण्याच्या गप्पा केल्या, बाहेर आली आणि कोपऱ्यापर्यंत झपाझप चालत गेली. मग म्हणाली, "तू बातमीदार आहेस ना?"

"का?"

"त्या खानावळ बंद करतायत. हे बातमीदाराला शाळामास्तरणीनं सांगायचं?"

"कोण म्हणालं?"

"भिंती म्हणाल्या. आचारी नाही, दिवे नाहीत, फर्निचर विकलंय, जेवायच्या वेळेला तीन माणसं, त्यातले दोघं आपण. मापं घ्यायला कोणी आलं होतं का?"

"सुतार आला होता."

"बूट कसे होते त्याचे?"

मला ते सुंदर बूट आठवले.

"मुख्य रस्त्यावरचा बूटवाला आहे तो. दुसरं दुकान शोधतोय हे सगळ्या गल्लीला माहीत आहे." ताईनं छत्री या हातातून त्या हातात घेतली. "आणि ती फुलं कोणी आणली असं वाटलं तुला?"

मला वाटलं होतं, पोस्टमास्तरांनी. ताईला फुलांचं मी कधी सांगितलं होतं ते आठवेना. माझा संशय खरा होता तर. पण या वेळी त्यावरून भांडण काढणं जमलं नाही.

"पोस्टमास्तरांनी स्वतःच्या बायकोला कधी फूल दिलं नाही, ते तुला देतील? तू फुलांची स्तुती केलीस, फुलं आली. रुमालाची केलीस, रुमाल आले. दालचिनी आली, तू तिला जाहीर शिव्या घातल्यास, दालचिनी गेली. ती बाई दर शनिवारी तुझं सदर वाचून दर सोमवारी परीक्षेला बसत होती. आणि तू पेपर तपासायला घेतच नव्हतास."

दिव्याखाली अंधार असतो हे मी लहानपणापासून लिहीत आलोय. आपणच तो दिवा असू, अशी शंका आली नव्हती.

५ एप्रिल, शनिवार

खानावळ उघडताच गेलो. अजून पोस्टमास्तरही यायचे होते. खाकरलो. चहा घेऊन बाई आल्या.

"बूटवाल्याचं खरं का?"

"ताईंनी ओळखलं वाटतं." त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "पंधरा तारखेला सही. तुम्हाला सांगणारच होते. म्हटलं, तुम्ही एवढे कामात."

"मला आधी का नाही म्हणालात, लिहा म्हणून?"

"सांगून लिहून घेतलेलं काय कामाचं? तुम्ही गावभर फिरून चांगलं काय ते निवडता. मला वाटलं, आपल्यात अजून काहीतरी कमी असेल. रुमालसुद्धा तुम्ही वापरला नाहीत."

मी रुमालाचं कारण सांगितलं. मग कपाच्या नियमाचं सांगितलं. नीट, पहिल्या संपादकांपासून सुरुवात करून. बोलताना माझ्याच कानाला तो नियम प्रथमच जरा वेडगळ वाटला.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कपाकडे बोट दाखवलं.

"म्हणजे एवढ्या दिवसांत मी हा कप फोडला असता, तर चाललं असतं?"

त्या उठल्या, माझ्या पुढ्यातला कप उचलून आत नेला आणि चहा दुसऱ्या कपात ओतून आणला. पांढरा, गिऱ्हाइकांचा. "घ्या. आता लिहा."

तो चहा मला जाईना. चहा तोच होता.

८ एप्रिल, मंगळवार

लिहिलं. आयुष्यात एवढं वाईट काही लिहिलेलं नाही. पहिल्या परिच्छेदात "अन्नपूर्णा" आली, दुसऱ्यात "निरपेक्ष", तिसऱ्यात एक समास आला जो सोडवायला मलाच वेळ लागला. संपादकबाईंनी वाचून कागद खाली ठेवला.

"कोणी गेलं का?"

"नाही."

"मृत्युलेखासारखं वाटतंय. तुम्ही इथे रोज जाता?"

"हो."

"कप ठरलेला आहे?"

खोटं बोलायचं मनात आलं. "होता," मी म्हटलं. "शनिवारपासून काढून घेतलाय."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण मान त्यांनी नकारार्थीच हलवली. "मला इथे आल्या आल्या तुम्हीच शिकवलंत. मी तो नियम मोडून तुमचं छापलं, तर उद्या तुमची पाण्याची खाती घेतलेला तो चकचकीत बुटांचा मुलगा त्याच्या मामाच्या नळदुरुस्तीवर लिहील. तुम्ही नाही लिहायचं. दुसऱ्या कोणीतरी लिहावं. ज्याचा तिथे कप नाही असं कोणीतरी."

नियम आपलाच आणि निकालही आपल्याच विरुद्ध.

९ एप्रिल, बुधवार

ताईला विचारलं. वाटलं होतं आढेवेढे घेईल. तिनं विचारलं, "किती शब्द?" आणि पदर खोचून जेवणाच्या टेबलावर बसली. मला वर पाठवून दिलं. जिन्यातून डोकावलो, तर म्हणाली, "पेपर चालू आहे."

तासाभरानं कागद वर आला. मी एका ठिकाणी "उष्ण" सुचवलं. तिनं ते खोडून पुन्हा "गरम" लिहिलं.

१२ एप्रिल, शनिवार

आजच्या पुरवणीतलं कात्रण इथे चिकटवतो.

"मी या सदराची नेहमीची लेखिका नाही. नेहमीचा लेखक माझा धाकटा भाऊ. एका खानावळीत तो रोज जातो, म्हणून तिथलं लिहीत नाही. मी रोज जात नाही, म्हणून लिहिते. वर्तमानपत्राच्या कचेरीमागच्या गल्लीत, पायऱ्या उतरून, हिरवं दार. फळ्यावर तीन पदार्थ असतात, तिन्ही चांगले. सूप गरम असतं. पाव त्याच सकाळचा असतो. रुमाल कापडाचे आहेत आणि मालकीणबाईंनी हातानं शिवलेत. एका कोपऱ्यात टाका वाकडा आहे, बाकी शिवण सरळ. जागा भरपूर आहे. इतकी असायला नको.

माझा भाऊ लहानपणापासून ताटाला नावं ठेवतो. आमच्या आईच्या हातचंही त्यानं सोडलं नाही. हल्ली तो कामासाठी गावभर जेवतो आणि घरी येऊन प्रत्येक ठिकाणची एक तरी खोड मला ऐकवतो, छापत नाही ती. या खानावळीची एकही खोड मी ऐकलेली नाही. गावभर जेवून आल्यावर तो इथे जाऊन पुन्हा जेवतो. रविवारी खानावळ बंद असते. त्या दिवशी तो चिडचिडा असतो."

समास एकही नाही. शेवटची दोन वाक्यं मला दाखवलेल्या कागदात नव्हती.

आज खानावळीकडे फिरकलो नाही. कोणी आलं नसेल तर ते पाहवणार नाही, आणि बाईंनी वाचलं असेल तर माझ्याकडे पाहवणार नाही.

१४ एप्रिल, सोमवार

गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. पायऱ्यांवर माणसं उभी होती. मला वाटलं, काही अपघात झाला. मग लक्षात आलं, ती जेवायला आली आहेत. परत फिरलो आणि ऑफिसच्या यंत्रातला चहा प्यायलो. त्याला कोणत्याच झाडाचा वास नव्हता.

१५ एप्रिल, मंगळवार

आज सहीचा दिवस. ताई म्हणाली, "आज गेला नाहीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." मोह पडला होता, पण गेलो. निळा शर्ट घातला. केसांचा रंग अर्धा उतरलाय. वांगं आता शिजल्यासारखं दिसतं.

पायऱ्यांवर रांग, आणि रांगेत बूटवाले गृहस्थ, हातात कागदांची फाईल. त्यांनी पुढे घुसायचा प्रयत्न केला, तर दारात उभे असलेले पोस्टमास्तर म्हणाले, "रांग मागून. टपालखात्यात पस्तीस वर्षं हेच सांगत आलोय." पोस्टमास्तरांना हे काम कोणी दिलं ते कळलं नाही. त्यांच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं आणि त्यांचं लहान मूल शब्दकोड्यात मासे काढत होतं.

आत पाय ठेवायला जागा नाही. मागचा दिवा लागलेला. टेबलांऐवजी खोकी, खोक्यांवर फळ्या, फळ्यांवर पांढरे रुमाल. माझ्या खुर्चीत एक तरुण जोडपं बसलेलं: एका खुर्चीत दोघं. त्यांना उठा म्हणणार कोण.

बूटवाल्यांचा नंबर लागला. बाईंनी त्यांना बसवलं, सूप दिलं, ते संपेपर्यंत दुसरीकडे लक्ष दिलं. त्यांनी फाईल उघडली तेव्हा म्हणाल्या, "आज हात रिकामा नाही हो. वर्षअखेरीला विचारा."

"आणि तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा. पाव आणखी घेणार?"

त्यांनी घेतला. रुमालानं तोंड पुसून, बूट जपत, रांगेतून वाट काढत वर गेले.

हे सगळं मी दाराशी उभं राहून पाहिलं. मग खाकरलो. काही झालं नाही. भांड्यांचा, खुर्च्यांचा, माणसांचा एवढा गलका, की पुन्हा खाकरलो तेव्हा रांगेतल्या एका बाईंनी मला खोकल्याची गोळी देऊ केली. तिसऱ्यांदा खाकरण्यात अर्थ नव्हता. बाई पाठमोऱ्या होत्या, हातात तीन बश्या, आणि माझ्याजवळ त्यांना बोलावण्यासाठी एकही शब्द नव्हता. इतकं व्याकरण शिकून संबोधनाच्या वेळी ही अवस्था.

तेव्हा मी हाक मारली.

कोणती ते इथे लिहीत नाही. ही वही वाचली जाते.

पण त्या गलक्यात ती ऐकू गेली. बाई वळल्या, बश्या तशाच हातात, आणि क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. पोस्टमास्तरांनीही पाहिलं. मग बाई म्हणाल्या, "आलात? तीन दिवस कुठे होतात? बाहेर जागा नाही, आत या. कांदे चिरता येतात ना?"

येत नाहीत. तरी चिरले. स्वयंपाकघरात ओट्याजवळ एक स्टूल आहे, त्याला अजून कोणाचाच आकार आलेला नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, आणि ते कांद्याचं होतं. मधेच बाईंनी वरच्या फळीवर हात घातला आणि निळ्या काठाचा कप माझ्यापुढे ठेवला. तो कुठे गेला नव्हता.

"हा ठेवला तर पुन्हा लिहायची बंदी ना?" त्या म्हणाल्या.

"कायमची."

"बरं झालं," म्हणाल्या आणि चहा ओतला.